झोपलेला बुद्ध की महापरिनिर्वाण? ओळखायचं कसं?

पायवाट

अजिंठ्याला तिसऱ्यांदा जाऊन आलो. आधीच्या दोन्ही खेपांना पहिल्या लेण्यापासून सुरुवात केली आणि सव्विसाव्यात पोचेपर्यंत पायांनी राजीनामा दिलेला. 'हा झोपलेला बुद्ध' असं कुणीतरी म्हणायचं, एक फोटो, की परत. या वेळी शहाणपण सुचलं आणि सकाळी थेट सव्वीस गाठलं.

आत शिरलं की डाव्या हाताच्या भिंतीवर ती मूर्ती आहे. साधारण ७ मीटर लांब. उजव्या कुशीवर, उजवा हात गालाखाली, डावा अंगावरून सरळ सोडलेला. दोन टोकांना दोन झाडं. मंचकाखाली ओळीनं माणसं बसलीत, कुणी मान खाली घातलीय, कुणी डोक्याला हात लावलाय. आणि वर आकाशात चक्क वाद्यं वाजताहेत. खाली सुतक आणि वर वरात. मधला मात्र यातलं काहीच ऐकत नसल्यासारखा.

तर प्रश्न.
१) हा झोपलाय की गेलाय?
२) एक मैत्रीण बँकॉकची मूर्ती पाहून आली. ती म्हणते, तिथला बुद्ध आराम करतोय, डोळे उघडे आहेत. मग पहुडलेली प्रत्येक मूर्ती महापरिनिर्वाणाचीच असते का?
३) वरची मंडळी एवढी खूश का?

तिरकस

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. खाली रडारड असेल तर गेलाय. नसेल तर झोपलाय. पुढचा धागा आणा.

शिल्पवेडी

तिरकस, तुम्ही गंमत केलीत, पण हे उत्तर बरंचसं बरोबर आहे!

या दृश्याची सर्वात जुनी मोठी परंपरा गांधारची, म्हणजे आजच्या पाकिस्तान-अफगाणिस्तानातल्या प्राचीन प्रदेशाची. इ.स. दुसऱ्या-तिसऱ्या शतकातले दगडी पट्ट पाहिले तर बुद्ध मधे आडवा आणि भोवती नुसती गर्दी. मंचकाचे पाय कातीव, ग्रीक-रोमन पलंगांसारखे. बुद्ध जिथे गेले त्या कुशीनगरचे मल्ल, म्हणजे तिथल्या मल्ल कुळाचे लोक, हात वर करून आकांत करताहेत. वज्रपाणी, जो आयुष्यभर बुद्धासोबत वज्र घेऊन उभा राहिला, तो कित्येक पट्टांत जमिनीवर कोसळलेला दिसतो. आणि या सगळ्यात एकच माणूस शांत बसलेला असतो, बऱ्याचदा आपल्याकडे पाठ करून, ध्यानात. शेजारी तिकाटण्यावर टांगलेलं पाण्याचं भांडं. हा सुभद्र, बुद्धानं शेवटच्या रात्री दीक्षा दिलेला शेवटचा शिष्य. मी तर कुठल्याही संग्रहालयात गेले की आधी ते तिकाटणं शोधते. ते सापडलं की दृश्य कुठलं याची शंकाच उरत नाही.

गांधारमधली आणखी एक गंमत. काही पट्टांतला बुद्ध खरं तर उभाच आहे, फक्त आडवा ठेवलेला. चिवराच्या, म्हणजे भिक्खूच्या वस्त्राच्या, चुण्या जमिनीकडे ओघळायच्या ऐवजी पायांकडे वाहतात, जणू गुरुत्वाकर्षण डोक्याकडून पायाकडे आहे. शिल्पकाराच्या हाताला उभी मूर्ती सवयीची, आडवी करायची वेळ आली तेव्हा त्यानं तीच आडवी केली. काही जण याला कौशल्याची कमतरता म्हणतात. मला तसं वाटत नाही. कोसळलेल्या, वाकलेल्या, छाती पिटणाऱ्या गर्दीत एकच आकृती सरळसोट, ताठ. नजर तिथेच जाते.

पायवाट

तिकाटणं! हे कधीच लक्षात आलं नव्हतं. पण गांधारच्या आधी काय होतं?

शिल्पवेडी

स्तूप. सांचीच्या तोरणांवर बुद्धाची मानवी आकृतीच नाही. जन्म, बोधी, धम्मचक्र, सगळं खुणांनी. महापरिनिर्वाणाची खूण म्हणजे स्तूप.

आता तुमचं सव्वीस पुन्हा आठवा. ते चैत्यगृह आहे, म्हणजे मधोमध स्तूप. त्या स्तूपावर पुढच्या बाजूनं पाय खाली सोडून बसलेला बुद्ध कोरलाय. आणि बाजूच्या भिंतीवर हा आडवा. एकच गोष्ट जुन्या लिपीत आणि नव्या लिपीत अशी दोनदा लिहिलीय, एकाच छताखाली. प्रदक्षिणा घालणाऱ्याच्या एका हाताला स्तूप आणि दुसऱ्या हाताला ती मूर्ती. माझ्या मते अजिंठ्याचं पाचव्या शतकाच्या अखेरचं हे सर्वात विचारपूर्वक काम आहे. लेणं करवून घेणाऱ्या बुद्धभद्र नावाच्या भिक्खूचा लेख बाहेर आहे, आणि त्यात अश्मक देशाचा मंत्री भव्विराज याचं स्मरण आहे. म्हणजे एका गेलेल्या माणसाच्या आठवणीत कोरलेल्या लेण्यात हे दृश्य आहे. योगायोग म्हणा हवं तर.

रानवारा

+१, फार छान प्रतिसाद. वाखूसा (वाचनखूण साठवली).

जरा अवांतर: ज्या जेवणानंतर बुद्ध आजारी पडले ते चुंदाचं 'सूकरमद्दव' म्हणजे डुकराचं मांस की कंद?

खडूफळा

रानवारा, तो वाद दीड-दोन हजार वर्षं जुना आहे. या धाग्यावर तो आला तर मूर्ती राहील बाजूला. वेगळा धागा काढा, मी येतो.

पायवाट, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. आधी एक गोष्ट मनातून काढायला हवी: उजव्या कुशीवर निजणं ही 'मरणाची' मुद्रा नाहीच. पाली ग्रंथांत तिला सीहसेय्या, सिंहशय्या म्हणतात, आणि बुद्ध रोजच असे निजत. अंगुत्तर निकायात निजण्याचे चार प्रकार सांगितलेत. उताणं निजणं हे प्रेतांचं. डाव्या कुशीवर निजणं हे सुखोपभोगात रमलेल्यांचं. उजव्या कुशीवर सिंहाचं. आणि चौथी तथागतशय्या, जिचा अर्थ ध्यान, तिथे कुशीचा प्रश्नच नाही. (पहिल्या दोन प्रकारांत आपण सगळे बसतो, उगाच कुणी छाती फुगवू नये.)

महापरिनिब्बान सुत्तात शेवटच्या रात्रीचं वर्णन येतं ते असं. कुशीनगरच्या शालवनात बुद्धांनी आनंद या शिष्याला सांगितलं, दोन शालवृक्षांच्या मधे, उत्तरेकडे डोकं येईल असा मंचक मांड, मी दमलोय. मग उजव्या कुशीवर, पायावर पाय ठेवून, स्मृती जागी ठेवून ते निजले. हंगाम नसताना शालवृक्ष फुलले.

आता एक साधं गणित करा. डोकं उत्तरेला, उजवी कूस खाली, तर तोंड आपोआप पश्चिमेला येतं. कुशीनगरच्या मंदिरातली मूर्ती नेमकी अशीच आहे. आणि समोरून पाहणाऱ्याला डोकं नेहमी स्वतःच्या डाव्या हाताला दिसतं. फोटोत डोकं उजवीकडे दिसलं तर बहुधा फोटो उलटा छापलाय असं समजा.

निवांत_वाचक

आत्ता घरातल्या कॅलेंडरवरचं चित्र पाहिलं. डोकं उजवीकडे. छापखान्याला क्षमा असावी.

पायवाट

खडूफळा सर, मग अडचण वाढलीच की. रोजची झोप आणि शेवटची रात्र, दोन्ही एकाच मुद्रेत असतील तर मूर्तीवरून ओळखायचं कसं? अजिंठ्यात रडणारे आहेत म्हणून ठीक. मूर्ती एकटीच असेल तर?

कातळ

पाय बघायचे.

तिरकस

पायवाट आयडीला पाय बघायला सांगताय.

कातळ

श्रीलंकेत पोलोन्नरुवाला गल विहार आहे. बाराव्या शतकातला राजा पराक्रमबाहू पहिला याच्या काळात एकाच सलग कातळात ओळीनं मूर्ती कोरल्या. त्यातली पहुडलेली साधारण १४ मीटर लांब. कातळाचे रंगीत पट्टे चेहऱ्यावरून, अंगावरून लाटांसारखे गेलेत. उशी लोडासारखी गोल, आणि जिथे डोकं टेकलंय तिथे ती किंचित दबलीय. दगडात दबलेली उशी! मी दगडाच्या धंद्यातला माणूस आहे, मला ती उशी जास्त आवडते.

तर पाय. दोन्ही पावलं एकावर एक, बोटं अगदी एका रेषेत असतील तर तिथली रूढी म्हणते बुद्ध विश्रांती घेताहेत. वरचं पाऊल जरा मागे सरकलेलं असेल तर महापरिनिर्वाण. गल विहारात वरचं पाऊल मागे आहे, थोडंसंच. नीट पाहिलं नाही तर सुटतं.

शेजारी सुमारे ७ मीटर उंच उभी मूर्ती आहे, हात छातीवर एकमेकांवर घेतलेले, चेहरा काहीसा उदास. ही शोक करणाऱ्या आनंदाची असं बराच काळ मानत. पण ती कमळावर उभी आहे, आणि तिच्याभोवती वेगळ्या दालनाच्या भिंतींच्या खुणा आहेत. म्हणजे मुळात ही जोडी समजून कोरलेली नसावी, आणि ती मूर्तीही बुद्धाचीच असावी. आपण दोन मूर्ती शेजारी पाहिल्या की लगेच गोष्ट जुळवतो.

खडूफळा

कातळ, पायांची खूण उत्तम. एकच भर घालतो. सुत्तात रोजच्या सिंहशय्येचं वर्णन करतानाही 'पादे पादं अच्चाधाय' (पायावर पाय ठेवून) असेच शब्द आहेत, आणि जुन्या अट्ठकथा, म्हणजे टीकाग्रंथ, सांगतात की पाऊल थोडं सरकवूनच ठेवायचं, घोट्यावर घोटा घासला की निजणाऱ्याला त्रास होतो म्हणून. म्हणजे पावलं सरकण्यात मरणाची खूण ग्रंथात नाही. ती शिल्पकारांनी घडवली. दोन क्षण वेगळे दाखवायचे होते आणि ग्रंथानं फरक दिला नव्हता, तेव्हा छिन्नीनं तो दिला.

घडवंची

बँकॉकबद्दल मी लिहिते, दोनदा जाणं झालंय.

वाट फो मधली मूर्ती ४६ मीटर लांब, १५ मीटर उंच. थायलंडचा राजा राम तिसरा याच्या काळात, १८३२ मधली. विटा आणि चुन्याचं काम, वरून सोन्याचा मुलामा. देऊळ मूर्तीला इतकं घट्ट बसलंय की पूर्ण मूर्ती एका नजरेत मावतच नाही, खांबांच्या मधून तुकड्यातुकड्यानं पाहायची. आधी चेहरा, मग कोपर, मग लांबच लांब सोनं, आणि शेवटी तळवे. तळव्यांवर शिंपल्यांच्या जडावात १०८ मंगलचिन्हं आहेत, चौकटीचौकटीत. मागच्या बाजूनं भिंतीलगत १०८ धातूची भांडी ओळीनं मांडलीत, लोक एकेका भांड्यात नाणं टाकत जातात. आत सतत टिणटिण चालू असते. सुतकाचं वातावरण म्हणाल तर औषधालाही नाही. रडणारं कुणीच नाही.

थायलंडमध्ये या मुद्रेला एक वेगळीच कथा जोडलीय. असुरेंद्र राहू स्वतःच्या अवाढव्य देहाच्या घमेंडीत होता. एवढ्याशा माणसाकडे वाकून काय पाहायचं, म्हणून बुद्धाला भेटायलाच जाईना. शेवटी आला, तेव्हा बुद्ध उजव्या कुशीवर पहुडले होते आणि राहूपेक्षाही प्रचंड झाले होते. राहूलाच मान वर करून पाहावं लागलं. म्हणजे ही मूर्ती मृत्यूची नाही, गर्वहरणाची आहे. आणि देवळात शिरणारा प्रत्येक जण आपोआप राहूच्या जागी उभा असतो! तिथे वारांनुसार बुद्धाच्या मुद्रा ठरलेल्या आहेत, त्यात पहुडलेली मंगळवारची. मंगळवारी जन्मलेला माणूस हिच्यापुढे फुलं वाहतो. शोकमुद्रा असती तर कुणाच्या जन्मवाराला दिली असती का?

म्यानमारमध्येही तसंच. यांगोनच्या चाउटाटजी देवळातली ६६ मीटरची मूर्ती डोळे सताड उघडे ठेवून आहे, काचेचे डोळे, लांब पापण्या, ओठ लाल. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा, खरं सांगू, जरा बिचकले. मग अर्ध्या तासानं तिच्याच समोर फतकल मारून बसले होते.

निवांत_वाचक

आडव्या मूर्ती एवढ्या प्रचंड का असतात? बसलेल्या इतक्या मोठ्या क्वचितच दिसतात.

कातळ

राहूची कथा एका देशापुरती. बाकी ठिकाणी कारण माझ्या धंद्याचं आहे. उभी मूर्ती वाढवत गेलात की वजन घोट्यावर येतं, आणि छप्पर आकाशात न्यावं लागतं. आडवी मूर्ती भिंतीसारखी असते, जमीन तिला लांबीभर पेलते. लांबी वाढवायची तर देऊळ लांबवायचं, उंची तेवढीच. म्हणून ठिसूळ मालातही ती जमते. चीनमध्ये झांग्ये इथली १०९८ मधली मूर्ती लाकडी सांगाड्यावर मातीची आहे, ३४.५ मीटर. अजून उभी आहे असं लिहिणार होतो. अजून आडवी आहे.

ताजिकिस्तानात अजिना तेपे इथे १९६६ मध्ये सुमारे १३ मीटरची मातीची मूर्ती निघाली, सातव्या-आठव्या शतकातली. तुकडे करून दुशान्बेला नेली. आणि म्यानमारमध्ये मुडोनजवळची आधुनिक मूर्ती तर १८० मीटरची, सिमेंट-काँक्रीट, आत मजल्यामजल्यांवर खोल्या. ही शिल्प म्हणावी की इमारत, तुम्हीच ठरवा. मला ती आवडत नाही.

एवढ्या मोठ्या वस्तू हरवतातही, हे विशेष. म्यानमारमधल्या बागोची ५५ मीटरची श्वेथाल्याउंग मूर्ती परंपरेनं ९९४ मधली. शहर उद्ध्वस्त झालं, वर रान माजलं, लोक विसरले. १८८० च्या सुमारास रेल्वेच्या कामात सापडली.

शिल्पवेडी

आपल्या कुशीनगरचंही तसंच. तिथली ६.१ मीटरची मूर्ती कार्लाइल या पुरातत्त्व अधिकाऱ्यानं १८७६ मध्ये ढिगाऱ्यातून काढली, तुकडे झालेल्या अवस्थेत, आणि जुळवली. पाचव्या शतकातला लेख आहे: दान हरिबलाचं, घडवणारा दिन्न नावाचा शिल्पी. खाली ओट्याच्या दर्शनी बाजूवर तीन लहान आकृत्या आहेत. अजिंठ्याची सगळी गर्दी इथे तिघांत आटोपलीय. आताचं मंदिर १९५६ चं. तिथे सांगतात की चेहरा डोक्याच्या बाजूनं पाहिला तर हसरा, मधून वेदनेचा आणि पायांकडून शांत दिसतो. मी तिन्ही ठिकाणी उभी राहिले. भाविकांनी चिवर इतकं गळ्यापर्यंत पांघरलेलं असतं की चेहऱ्याशिवाय दुसरं काही दिसतही नाही.

पायवाट, तुमचा तिसरा प्रश्न सगळे विसरले. त्याचं उत्तर मला चीनच्या दुनहुआंगमध्ये जास्त स्पष्ट वाटतं. मोगाओच्या १५८ क्रमांकाच्या गुहेत साधारण १५ मीटरहून लांब मूर्ती आहे, आणि भोवतीच्या भिंतींवर शोक करणाऱ्यांची रंगचित्रं. परदेशी राजे शोकानं वेडे झालेत, कुणी कान कापतोय, कुणी छातीत सुरी खुपसतोय. भिक्खू रडताहेत. बोधिसत्त्व मात्र स्थिर. ज्याला जितकं कळलंय तितकं त्याचं दुःख कमी, अशी चढती भाजणी. सुत्तातही हेच आहे: ज्यांची आसक्ती सुटली नाही ते भिक्खू हात पसरून आक्रोश करतात, ज्यांची सुटली ते 'संस्कार (घडलेलं ते सगळं) अनित्य आहेत' म्हणून सहन करतात.

अजिंठ्याच्या शिल्पकारानं हीच भाजणी खालून वर लावली. जमिनीवर रडणारे. आकाशात वाजवणारे, कारण त्यांच्या दृष्टीनं कुणीतरी जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटलंय.

जपानच्या होर्युजीच्या पाच मजली पॅगोडात, तळमजल्याच्या उत्तर बाजूला ७११ मधला मातीच्या छोट्या मूर्तींचा देखावा आहे. त्यातले रडणारे शिष्य पाहा जमलं तर. तोंडं उघडी, माना मागे टाकलेल्या. त्यांच्यापुढे बुद्धाकडे कुणाचं लक्षच जात नाही.

रानवारा

शेषशायी विष्णूही आडवाच की. संबंध?

शिल्पवेडी

देवगढचं शिल्प आठवा: शेषाचं अंथरूण, पायाशी लक्ष्मी, वर कमळावर ब्रह्मा. ती योगनिद्रा, तिच्यातून सृष्टी सुरू होते. इथे गोष्ट संपते. आडवेपण सारखं, दिशा उलट्या.

पायवाट

म्हणजे एकूण असं दिसतं: भोवतालची माणसं, पावलं, डोळे, आणि कुठल्या देशात उभे आहात ते. तरीही एकटी मूर्ती, मिटलेले डोळे, पावलं झिजलेली, असं असलं तर खात्रीनं सांगता येणार नाही. बरोबर?

खडूफळा

बरोबर. आणि यात आपली फार चूकही नाही. त्या रात्री शेजारी बसलेल्याला तरी कुठे सांगता आलं?

सुत्तातला तो भाग पाहा. शेवटचे शब्द बोलून झाल्यावर बुद्ध एकामागून एक ध्यानांत शिरतात, वर चढत जातात आणि जिथे संवेदनाही थांबते त्या अवस्थेला पोचतात. हालचाल नाही. आनंद, पंचवीस वर्षं सावलीसारखा सोबत असलेला, अनुरुद्ध या ज्येष्ठ भिक्खूला म्हणतो, भन्ते, भगवान परिनिर्वाण पावले. अनुरुद्ध म्हणतो, नाही, अजून नाही. ते फक्त निरोधात आहेत. त्यानंतर बुद्ध पुन्हा ध्यानांच्या पायऱ्या उतरतात, पुन्हा चौथ्यापर्यंत चढतात, आणि मग जातात.

हे सगळं होताना बाहेरून काय दिसत असेल? उजव्या कुशीवर पहुडलेला एक म्हातारा माणूस. बस. अजिंठ्याच्या शिल्पकारानं नेमका कुठला क्षण पकडलाय, आनंद चुकला तो, की त्यानंतरचा, हे दगड सांगत नाही.

पायवाट

... दोनदा वाचलं.

फोटो काढून बसलोय आता. पायाशी एकजण डोकं हातावर टेकून बसलाय. आनंदच असणार ना तो?

शिल्पवेडी

हो, तो आनंदच समजतात.

घडवंची

एवढ्या गंभीर धाग्यावर मांजर आणू का? जपानमध्ये महापरिनिर्वाणाची मोठी चित्रं काढतात, भोवती हत्तीपासून किड्यांपर्यंत सगळे प्राणी रडताना. मांजर सहसा नसतं. पण क्योटोच्या तोफुकुजी मठात मिन्चो या चित्रकार भिक्खूनं १४०८ मध्ये काढलेल्या प्रचंड चित्रात मांजर आहे.

आणि त्याहून कहर म्हणजे अठराव्या शतकातला इतो जाकुचू. त्यानं हेच दृश्य भाज्यांचं काढलं. बुद्धाच्या जागी पांढरा मुळा, उपड्या टोपलीवर आडवा. शालवृक्षांच्या जागी मक्याची ताटं. भोवती वांगी, भोपळे, कंद, फळं. क्योटोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. टवाळी नव्हे हं, जाकुचू बौद्धच होता आणि त्याच्या घरचा धंदा भाजीच्या घाऊक बाजाराचा.

तिरकस

मुळा गेलाय की झोपलाय?

घडवंची

तुमचाच नियम. खाली भोपळ्यांकडे बघा.